संगणक-उद्योग आणि त्याची न दाखविलेली देणी

आमच्या महाविद्यालयात मार्च महिना आला की डेड-स्टॉक तपासणीची समिती नेमली जाते. वाणिज्य शाखेचा माणूस हिशेबाला चोख असतो, अशी एक समजूत असल्यामुळे या समितीवर माझी वर्णी बहुधा लागतेच. २०१९ च्या मार्चमध्ये संगणक-प्रयोगशाळेमागच्या खोलीत धूळ खात पडलेले बावीस संगणक आम्ही निकामी ठरविले. हे संगणक २०१५ साली एका कंपनीकडून देणगीदाखल मिळाले होते. कंपनीच्या कचेरीत नवे आले, म्हणून जुने आमच्याकडे आले. त्या वेळी छोटासा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झाले, कंपनीच्या अधिकाऱ्यांनी 'सामाजिक उत्तरदायित्व' या विषयावर दहा मिनिटे भाषण केले आणि आभारप्रदर्शन मी केले. चार वर्षांनी त्याच संगणकांच्या विक्रीच्या कागदावर सही करण्याची पाळीही माझ्यावरच आली. तीन भंगारवाल्यांची दरपत्रके मागविली, सर्वांत जास्त दर देणाऱ्यास माल दिला, नगाला तीनशेप्रमाणे ६,६०० रुपये कार्यालयात जमा झाले. हिशेब खरोखरच चोख होता.

पुढे आठ-दहा दिवसांनी गावाबाहेरच्या रस्त्याने स्कूटरवरून जात असता नाल्याकाठच्या मोकळ्या जागेतून काळा धूर येताना दिसला. दोन पोरे वायरींचा गुंता काठीने विस्तवात परतीत होती. बाजूला मॉनिटरच्या फुटक्या काचनळ्यांचा ढीग पडला होता आणि एका रिकाम्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगात आमच्या नोंदवहीचा क्रमांक स्पष्ट दिसत होता. तो क्रमांक मीच तपासून त्यावर बरोबरची खूण केली होती. भंगारवाला तिथेच होता. मी काचेबद्दल विचारले.

"काच कोण घेतंय ओ सर? तांबं तेवढं काढायचं नि बाकीचं टाकून द्यायचं," तो म्हणाला. "तुमी कशाला उन्हात थांबलासा?"

त्याच आठवड्यात बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी कंपनी कायद्याचे कलम १३५ शिकवीत होतो. २०१३ च्या कायद्यातील हे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, असे ते सांगते. तास संपता संपता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दोन टक्के कसे खर्च करायचे ते समजलं. पण उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले, ते कोण बघतं?" मी म्हटले, हा प्रश्न परीक्षेला येत नाही. वर्ग हसला, मीही हसलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थिनीला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजण्यास हरकत नाही. मी रसायनशास्त्राचा जाणकार नव्हे. त्या विषयाचे जे काही येथे आले आहे, ते आमच्या रसायन विभागातील सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये चहा घेता घेता मला समजावून दिलेले आहे.

प्रथम कल्पनेचा थोडासा इतिहास पाहू. धंद्याला समाजाचे काही देणे असते हा विचार अमेरिकेत पुस्तकरूपाने ठळकपणे मांडला तो हॉवर्ड बोवेन यांनी, १९५३ मध्ये. आपल्याकडे गांधीजींचा विश्वस्तपणाचा सिद्धान्त त्याच्याही आधीचा आहे. याच्या अगदी उलट बाजू मिल्टन फ्रीडमन यांनी १३ सप्टेंबर १९७० च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या नियतकालिकात मांडली. धंद्याची सामाजिक जबाबदारी एकच, ती म्हणजे नफा वाढविणे. मात्र तो खेळाच्या नियमांत राहून आणि फसवणूक न करता वाढवावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. विद्यार्थी परीक्षेत यातला पहिला भाग लिहितात आणि दुसरा विसरतात. माझ्या मते खरी मेख त्या दुसऱ्या भागातच आहे. खेळ सुरू झाला तेव्हा नियमच नव्हते, अशी स्थिती असेल तर काय? संगणक-उद्योगाची कथा बऱ्याच अंशी हीच आहे.

हा उद्योग आला तोच 'स्वच्छ उद्योग' म्हणून. ना धुराडे, ना भट्टी, ना घणाचा आवाज. बागेत बसविल्यासारख्या बैठ्या इमारती, पुढे हिरवळ. आत 'क्लीनरूम', म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीहूनही निर्धूळ अशी खोली. तिथे काम करणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात असतो. चित्रात तो झगा पाहून मला वाटे, कंपन्या कामगारांची केवढी काळजी घेतात! वस्तुस्थिती अशी आहे की तो झगा माणसाचे रक्षण करण्यासाठी नसतोच. माणसाच्या अंगावरची त्वचेची कणी, केस, धूळ चिपवर पडून ती बिघडू नये, म्हणून तो असतो. खोलीतील हवा पुनःपुन्हा गाळून तीच फिरविली जाते. पण ती गाळणी धुळीचे कण अडविते. रसायनांच्या वाफा तीतून आरपार जातात. स्वच्छता होती ती चिपसाठी.

रसायने कशाला लागतात, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाशाला प्रतिसाद देणारा एक थर देतात. फोटोच्या निगेटिव्हप्रमाणे त्यावर नक्षीतून प्रकाश पाडतात, नको तो भाग द्रावणाने धुऊन काढतात, उघडा पडलेला भाग आम्लाने वा वायूने कोरतात, त्यात आर्सेनिक किंवा फॉस्फरससारख्या मूलद्रव्यांचे अल्प अंश घालतात, पुन्हा धुतात, आणि हाच क्रम अनेक वेळा करतात. धुणे, कोरणे, धुणे. म्हणून या कारखान्यांत सर्वाधिक खप असतो तो द्रावणांचा आणि अतिशुद्ध पाण्याचा. एरिक विल्यम्स, रॉबर्ट आयर्स आणि मिरियम हेलर या तिघांनी २००२ मध्ये एका चिपचा ताळेबंद मांडला. बत्तीस मेगाबाइट स्मृतीची दोन ग्रॅम वजनाची एक चिप बनविण्यास व वापरण्यास सुमारे १,६०० ग्रॅम जीवाश्म इंधन आणि ७२ ग्रॅम रसायने लागतात, आणि नुसत्या बनविण्यात ३२ किलो पाणी व ७०० ग्रॅम वायू खर्ची पडतात, असे त्यांना आढळले. दोन ग्रॅम मालाला पावणेदोन किलोच्या आसपास इंधन व रसायने! ताळेबंद शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला हे आकडे वाचून काही वेळ सुचेनासे झाले. कंपनीच्या ताळेबंदात यांतील विकत घेतलेल्या मालाची किंमत तेवढी दिसते. तो पुढे कुठे गेला, हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

तो कुठे गेला हे प्रथम उघडकीस आले ते या उद्योगाच्या माहेरीच. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा खोरे पूर्वी जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. १९५७ मध्ये तेथे फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर कंपनी निघाली, तिच्यातून फुटून १९६८ मध्ये इंटेल निघाली, आणि पाहता पाहता बागा जाऊन 'सिलिकॉन व्हॅली' उभी राहिली. वापरलेली द्रावणे कारखान्याच्या आवारात जमिनीखालच्या टाक्यांत साठवीत. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. आगीच्या भीतीने ज्वालाग्राही द्रव्ये जमिनीखाली ठेवणे हीच त्या काळची शहाणपणाची रीत समजली जाई. डिसेंबर १९८१ मध्ये दक्षिण सॅन होजेमधील फेअरचाइल्डच्या कारखान्याची अशी एक टाकी गळत असल्याचे लक्षात आले. गळलेल्या द्रावणांत ट्रायक्लोरोइथेन हे मुख्य होते. जवळच लोकवस्तीला पाणी पुरविणारी एक विहीर होती. तिच्या पाण्यात ते सापडले आणि विहीर बंद करण्यात आली. तोपर्यंत लॉस पासिओस या वस्तीतील घराघरांत ते पाणी प्यायले गेले होते.

येथे विहिरीविषयी दोन शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर आपल्यापैकी सर्वांनी पाहिली आहे. गांधीजी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. विहिरीच्या काठाशी उभे राहिले की पाणी तिथल्या तिथे उगवते असे वाटते. प्रत्यक्षात ते दूरवरून खडकाच्या भेगांतून, वाळूच्या थरांतून सावकाश चालत येते. पेट्रोल सांडले तर ते पाण्यावर तरंगते आणि काढता तरी येते. ही क्लोरीनयुक्त द्रावणे पाण्याहून जड असतात. ट्रायक्लोरोइथिलीनची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट आहे. ती पाण्याच्या थरातून खाली खाली बुडत जातात, चिकणमातीच्या थरावर साचतात आणि तेथून वर्षानुवर्षे थोडी थोडी पाण्यात उतरत राहतात. त्यामुळे गळती थांबविली तरी दूषितता थांबत नाही.

लॉस पासिओसमधील एका आईच्या मुलीला जन्मतःच हृदयाचे व्यंग होते. शेजारपाजारीही अशी उदाहरणे असल्याचे तिच्या ध्यानात आले आणि वर्तमानपत्रांत बातमी येताच तिने प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला. राज्याच्या आरोग्य खात्याने पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८५ मध्ये आले. त्या वस्तीत गर्भपाताचे प्रमाण तुलनेच्या वस्तीच्या दुपटीहून अधिक आणि जन्मजात व्यंगांचे सुमारे तिप्पट होते. मात्र याचे कारण ही गळतीच, असे खात्याने म्हटले नाही. पुढच्या अभ्यासात तर हृदयाच्या व्यंगांचा काळ आणि गळतीचा काळ जुळत नाही, सबब गळती हे कारण असणे संभवत नाही, असे मत पडले. मी हे मुद्दाम नमूद करतो. कारण अशा विषयांवर लिहिताना अर्धी गोष्ट सांगण्याचा मोह फार होतो. रहिवाशांचे दावे न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटले. कारखाना बंद झाला. जमिनीखाली भिंत घालून दूषित पाणी अडविण्यात आले आणि उपसून साफ करण्यात आले.

फेअरचाइल्डची टाकी एकटी नव्हती. शोध सुरू झाल्यावर नामवंत कंपन्यांच्या आवारांत टाकीमागून टाकी गळत असलेली निघाली. १९८० च्या कायद्यान्वये अमेरिकेचे केंद्र सरकार अत्यंत दूषित जागांची 'सुपरफंड' यादी करते. या एका सांता क्लारा जिल्ह्यातील वीसपेक्षा अधिक जागा त्या यादीत आल्या. देशातील दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात इतक्या नाहीत. ज्याला स्वच्छ उद्योग म्हटले, त्याची ही कमाई. आणि ती पुसली गेलेली नाही. माउंटन व्ह्यू गावी अशाच एका जुन्या जागेवर पुढे कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्यांत गूगलची माणसे बसत. २०१२ च्या अखेरीस तिथल्या खोल्यांच्या हवेत जमिनीतून वर आलेली ट्रायक्लोरोइथिलीनची वाफ मर्यादेपेक्षा जास्त आढळली. चिप बनविणारे गेले, त्यांची नातवंडे शोभावीत अशी मुले तेथे बसून काम करू लागली, तरी वाफ येतच होती.

आता फ्रीडमनकडे पुन्हा वळू. नियम केले कुणी? १९८२ मध्ये सॅन होजेतील वकील टेड स्मिथ आणि इतर नागरिक, कामगार-कार्यकर्ते यांनी 'सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोअॅलिशन' ही संघटना काढली. टाक्यांना दुहेरी भिंती असाव्यात, गळती कळण्याची सोय असावी, काय साठविले आहे ते अग्निशमन दलाला माहीत असावे, असे नियम आधी स्थानिक पातळीवर आणि १९८३ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात झाले. १९८४ मध्ये केंद्राने जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला. १९८६ मध्ये त्याहूनही महत्त्वाचा कायदा आला. कोणता कारखाना कोणते विषारी द्रव्य किती सोडतो हे दरवर्षी जाहीर करण्याची सक्ती त्याने केली. या कायद्यामागची प्रेरणा आपल्याला परकी नाही. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या दुर्घटनेने अमेरिकेतील नागरिक विचारू लागले की आपल्या शेजारच्या कारखान्यात काय आहे. भोपाळच्या मृतांमुळे कॅलिफोर्नियाच्या शेजाऱ्यांना माहितीचा हक्क मिळाला, हे वाचताना मला फार विचित्र वाटले.

या माहितीचा परिणाम लगेच दिसला. मुद्रित मंडलांचे तक्ते धुण्यासाठी उद्योगात सीएफसी-११३ हे द्रव्य सर्रास वापरीत. ते माणसाला फारसे विषारी नसल्यामुळे आदर्श मानले जाई. पण ते ओझोनच्या थराचा नाश करते. पहिल्या याद्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा हे द्रव्य सोडणाऱ्यांत सॅन होजेचा आयबीएमचा कारखाना देशात अग्रभागी दिसला. एकीकडे १९८७ चा माँट्रियल करार, दुसरीकडे ही जाहीर यादी. ज्याला पर्यायच नाही असे सांगितले जात होते, त्याला काही वर्षांत पर्याय निघाले. काहींनी साबणाच्या पाण्याने धुण्यास सुरुवात केली, एटीअँडटीने संत्र्यासारख्या फळांच्या सालीतून निघणारे द्रावण वापरले, आणि काहींनी तर धुण्याची गरजच पडू नये असे डाख शोधले. मला हा सर्व प्रकरणातील सर्वांत उत्साहवर्धक भाग वाटतो. या उद्योगात हुशार माणसांची वाण कधीच नव्हती. प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला जाणे आवश्यक होते.

कामगारांच्या बाबतीत मात्र असे झाले नाही. मॅसॅच्युसेट्समधील हडसन येथे डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या कारखान्यात गर्भपात फार होतात अशी कुजबुज होती. कंपनीने विद्यापीठाकडून अभ्यास करविला. याबद्दल तिला श्रेय दिले पाहिजे. १९८६ मध्ये निष्कर्ष आला की चिपनिर्मितीच्या काही कामांवरील स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण दुपटीच्या आसपास आहे. १९९२ मध्ये उद्योगसंघाने करविलेल्या आणि आयबीएमने करविलेल्या अशा दोन स्वतंत्र अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला आणि इथिलीनवर्गीय ग्लायकॉल इथर या द्रावणांकडे बोट दाखविले. अमेरिकन कंपन्यांनी ती द्रावणे बंद करण्याचे ठरविले. येथे गोष्ट संपावयास हवी होती. परंतु तोवर चिपचे कारखाने पूर्वेकडे निघाले होते. रोग्याने गाव बदलले म्हणजे रोग गेला असे होत नाही.

दक्षिण कोरियात गिहंग येथे सॅमसंगचा मोठा कारखाना आहे. ह्वांग यू-मी ही मुलगी शाळा संपवून २००३ मध्ये तेथे कामाला लागली. चकत्या रसायनात बुडवून काढणे हे तिचे काम. २००५ मध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाला. तिच्याबरोबर जोडीने काम करणारी दुसरी स्त्री त्याच रोगाने २००६ मध्ये वारली. मार्च २००७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, रुग्णालयातून घरी परतताना वडिलांच्या टॅक्सीच्या मागच्या आसनावर यू-मीने प्राण सोडला. वडील ह्वांग सांग-गी हे टॅक्सीचालक. न शास्त्रज्ञ, न पुढारी. आपली मुलगी कोणकोणत्या रसायनांत हात घालीत होती, एवढेच ते विचारीत राहिले. यातील पुष्कळशी माहिती व्यापारी गुपित ठरविण्यात आली होती. त्याच वर्षी त्यांच्या भोवती 'बानोल्लिम' ही कामगार-आरोग्याची संघटना उभी राहिली. जून २०११ मध्ये सेऊलच्या न्यायालयाने यू-मीचा रोग कामातून उद्भवलेला आहे असे मानले. कंपनीने जाहीर क्षमा मागितली आणि सर्व बाधितांसाठी भरपाईची योजना मान्य केली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. म्हणजे अकरा वर्षांनी. दरम्यान २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरियातील या उद्योगातील स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण अधिक असल्याचे पुन्हा आढळले. हडसनचा अभ्यास त्या वेळी एकोणतीस वर्षांचा झाला होता.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर या घटनेत आहे असे मला वाटते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, तो म्हणजे परभारे दुसऱ्याच्या अंगावर पडणारा खर्च. लॉस पासिओसच्या विहिरीने आणि टॅक्सीचालकाच्या कुटुंबाने तो दिला. तो नफ्यातून वजा झालाच नाही, त्यामुळे तो नफा मुळात जेवढा दिसतो तेवढा नसतोच. आणि अशा फुगलेल्या नफ्याच्या दोन टक्क्यांना आपण उत्तरदायित्व म्हणतो! आपल्या कायद्याच्या नियमांतही कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायक्रमातील काम सामाजिक उत्तरदायित्वात धरीत नाहीत. याला कारण आहे, नाहीतर प्रत्येक कंपनी आपला धंदाच समाजकार्य म्हणून दाखवील. पण त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात अशी समजूत होते की उत्तरदायित्व म्हणजे कारखान्याबाहेर करावयाची गोष्ट. कुठे शाळेला रंग, कुठे महाविद्यालयाला जुने संगणक.

उद्योगाने स्वतः काहीच केले नाही, असे नाही. मोठ्या कंपन्यांनी २००४ मध्ये पुरवठादारांसाठी एक आचारसंहिता केली. २०१२ पासून अॅपल आपल्या पुरवठादारांची नावे जाहीर करू लागली. युरोपीय संघाच्या नियमाने १ जुलै २००६ पासून शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम आणि दोन प्रकारची ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके यांवर बंधन आले. याने सबंध जगाचा डाख बदलला. पूर्वीचा कथिल-शिशाचा डाख १८३ अंशांवर वितळे, नवा कथिल-चांदी-तांब्याचा २१७ अंशांच्या आसपास वितळतो. म्हणजे शिसे गेले आणि वीज थोडी अधिक लागू लागली. अशा व्यवहारात निव्वळ फायदा असा क्वचितच असतो. अलीकडे ऊर्जेचा प्रश्न पुढे आला आहे. २०३० पर्यंत आपले कार्बन-उत्सर्जन शून्यावर किंवा त्याखाली आणू, असे सांगणाऱ्या दोन बड्या कंपन्यांनी २०२४ मध्ये आपापले अहवाल दिले. गूगलचे उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४८ टक्के आणि मायक्रोसॉफ्टचे २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्के वाढले होते. कारण मुख्यतः नवी विदा-केंद्रे. वचन मोडत चालले असता आकडा मात्र छापला, एवढे त्यांच्या पदरी घालू.

उरला शेवटचा टप्पा, म्हणजे माझ्या सहीचा. एका जुन्या काचनळीच्या मॉनिटरमध्ये साधारणतः दोन ते साडेतीन किलोपर्यंत शिसे असते. ते काचेत बद्ध असते, पण काच फोडून मातीत, पाण्यात टाकली की झिरपू लागते. वायरीवरचे पीव्हीसी तांब्याच्या सान्निध्यात जळले की डायॉक्सिन तयार होण्यास अनुकूल परिस्थिती मिळते. असा माल एका देशाने दुसऱ्याच्या दारात टाकू नये म्हणून १९८९ मध्ये बाझल करार झाला. तरीही २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील ग्वियू गावाची चित्रे जगापुढे आली. परदेशातून आलेले संगणक, कोळशावर भाजले जाणारे तक्ते, सोने काढण्यासाठी आम्लाच्या कढया. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील सहा वर्षांखालील मुलांच्या रक्तात शिशाचे सरासरी प्रमाण डेसिलिटरला १५.३ मायक्रोग्रॅम आढळले, शेजारच्या गावात ते ९.९ होते. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये हेच काम गल्लीबोळांतून चालत आले आहे. साऱ्या जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन विद्युत-कचरा झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे.

आपल्याकडे पहिले विद्युत-कचरा नियम २०११ मध्ये झाले व मे २०१२ पासून लागू झाले. माल बनविणाऱ्याने तो अखेरीस परत घेण्याची व्यवस्था करावी, हे तत्त्व त्यांनी आणले. २०१६ च्या नियमांत मोठ्या ग्राहकांच्या व्याख्येत शिक्षणसंस्थांचा नावानिशी उल्लेख होता. त्यांनी आपला कचरा अधिकृत संस्थेकडेच द्यावा, असे बंधन होते. म्हणजे मार्च २०१९ मधील ती विक्री नियमबाह्य होती. समितीवरील आम्हा चौघांपैकी कुणालाही हे ठाऊक नव्हते; मी तर त्याच महिन्यात वर्गात उत्तरदायित्व शिकवीत होतो. देणगीदार कंपनीलाही मी येथे दोष देत नाही. विल्यम्स यांनीच २००४ मध्ये दाखविले आहे की घरगुती संगणकाच्या सर्व आयुष्यातील ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के तो बनतानाच खर्ची पडते. तेव्हा जुना संगणक आणखी चार वर्षे मुलांच्या हाताखाली चालला, हे चांगलेच झाले. पण देताना 'बिघडले की कळवा, आम्ही नेऊ' असे एक वाक्य त्या पत्रात असावयास हवे होते. आणि ते नाही, हे आभारप्रदर्शन करणाऱ्याच्या लक्षात यावयास हवे होते.

या वर्षी पुन्हा समिती आहे आणि पुन्हा मी तिच्यावर आहे. अठरा संगणक, दोन मुद्रक आणि वीजसाठ्याच्या बॅटऱ्या निघाल्या आहेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नव्या नियमांत मोठा ग्राहक म्हणजे वर्षात किमान एक हजार उपकरणे वापरणारा, अशी व्याख्या आहे. आमच्या महाविद्यालयाची सारी उपकरणे मोजली तरी ती संख्या भरत नाही. कार्यालयातून हे मला आनंदाने सांगण्यात आले. भंगारवाल्याचा दर या खेपेस नगाला अडीचशे आहे. नोंदणीकृत पुनर्वापर-संस्थेने लिहून दिले आहे की, एवढ्या थोड्या मालासाठी गाडी पाठविता येणार नाही, वाहतूक आपण करावी, प्रमाणपत्र आम्ही देऊ. कन्नड विभागातील एका सहकाऱ्यांनी सुचविले की शेजारच्या दोन महाविद्यालयांचा माल एकत्र केला तर एक टेम्पो भरेल आणि भाडे वाटून घेता येईल. मी तसा शेरा लिहून, दोन्ही प्राचार्यांच्या नावे पत्रांचे मसुदे जोडून फाइल वर पाठविली आहे. लेखापालांनी तिच्यावर 'उत्पन्नात घट, खुलासा करावा' असे लिहून ती परत पाठविली. मी खुलासा म्हणून या लेखाचाच काही भाग टंकलिखित करून जोडला. फाइल सध्या प्राचार्यांच्या टेबलावर आहे. भंगारवाल्याचा फोन दोनदा येऊन गेला.